नागपूरच्या नावासाठी ड्रॉप घेऊ नको

बेटा,

मेसेज वाचला तुझा. यवतमाळ नाहीतर चंद्रपूर लागून राहिलं पण जीव नागपूरच्या मेडिकलमध्ये अडकलाय, म्हणून अजून एक वर्ष नीटची तयारी करू का असं विचारलंस. माझं सरळ सांगणं आहे, नको करू.

नागपूर मेडिकलचं नाव मोठं आहेच, 1947 चं कॉलेज, अभय बंग, राणी बंग, प्रकाश आमटे सगळे तिथलेच. लागलं असतं तर मीच म्हटलं असतं जा म्हणून. पण यवतमाळ काय, चंद्रपूर काय, परीक्षा नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचीच, डिग्रीही तिचीच. पुढं पीजीची, म्हणजे एमडी-एमएसची, सीट नीट पीजीच्या रँकवर मिळते, तिथं एमबीबीएस कुठून केलं हे कोणी विचारत नाही. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात नोकरीला नाव पाहतात, पण ते जास्त करून पीजीच्या कॉलेजचं.

कॉलेजात पाहायचं असेल तर वॉर्ड पाह्य. पावसाळ्यात, वावरात कामं सुरू झाली की साप चावलेले पेशंट येतात. दोन एमएल रक्त कोरड्या काचेच्या ट्यूबमध्ये घ्यायचं, वीस मिनिटं अजिबात हलवायचं नाही, मग तिरपी करून पाहायची, रक्त पातळच राहिलं तर घोणस नाहीतर फुरसं धरून अँटीवेनम लावायचं. ट्यूब साबणानं धुतलेली असली तर रिझल्ट चुकतो, हे वॉर्डातली सिस्टर सांगते तेव्हाच डोक्यात बसतं. आणि मण्यारच्या चाव्यात ही टेस्ट नॉर्मल येते, तिथं पापण्या पडतायत का, श्वास कसा चाललाय ते पाहत पेशंटजवळ बसावं लागतं. फवारणीतली विषबाधा, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची पोरं, हे सगळं आपल्याच जिल्ह्यांत आहे, इंटर्नशिपमध्ये तू स्वतः हात लावलास तरच येईल. मोठ्या कॉलेजात कधी कधी रेसिडेंटच, म्हणजे पीजी करणारे डॉक्टर, इतके असतात की इंटर्नच्या वाट्याला नुसती धावपळ येते.

आता 2024 मध्ये सुरू झालेली कॉलेजं, गडचिरोली, वाशिम, बुलढाणा वगैरे, तिथं मात्र जरा चौकशी कर, नव्या कॉलेजात सीनियर बॅच कमीच असतात आणि सीनियरकडून खूप शिकायला मिळतं हे खरं आहे. सेवाग्रामचं मेडिकल लागत असेल तर पसंतीच्या यादीत वर टाक, तिथं प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेते, तसं शिक्षण दुसरीकडं सहसा मिळत नाही.

आणि प्रायव्हेट मॅनेजमेंट कोट्याचं कोणी सुचवलं तर बाबांना वावर विकू देऊ नको, कर्ज डोक्यावर असलेला पोरगा गावात प्रॅक्टिस करायला येऊच शकत नाही, हे मी जवळून पाह्यलंय.

चॉइस फिलिंगच्या, म्हणजे कॉलेजांची पसंती भरायच्या, आधी यवतमाळच्या एखाद्या इंटर्नशी बोल, रात्रीच्या ड्युटीत काय काय करू देतात तेवढंच विचार. ओळखीचं कोणी नसेल तर मला सांग, नंबर मिळवून देतो.

तुझा काका