द्राक्षांचे खोके, चिवड्याची पाकिटे आणि पॉप आर्ट

प्रश्न : मी आणि माझी मुलगी, आम्ही दोघींनी चिवड्याची रिकामी पाकिटे, काड्यापेट्या, जुनी वर्तमानपत्रे आणि एसटीची तिकिटे द्राक्षांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर पांढऱ्या गोंदाने चिकटवून पॉप आर्ट पद्धतीचे, म्हणजे रोजच्या वापरातल्या वस्तू व जाहिरातींनाच चित्राचा विषय करणाऱ्या शैलीतले, कोलाज (चिकटचित्र) केले. दोन दिवसांत कागदाला सुरकुत्या पडल्या, पुठ्ठा वाकला, पाकिटे सुटली आणि एकूण चित्र अडगळीसारखे दिसू लागले. आमचे काय चुकले?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : आपण साहित्य अगदी योग्य निवडले आहे. ब्रिटिश पॉप आर्ट चित्रकार रिचर्ड हॅमिल्टन यांचे १९५६ मधले प्रसिद्ध कोलाज मासिकांतल्या जाहिराती कापूनच तयार झाले होते आणि ते जेमतेम २६ सेंटीमीटर उंच आहे. अडचण आहे ती जमवलेले सगळे एकाच चित्रात बसवण्याच्या मोहाची. अमेरिकन पॉप आर्ट चित्रकार अँडी वॉरहॉल यांनी १९६२ मध्ये सुपाचे डबे रंगवले तेव्हा ३२ कॅनव्हासांवर तोच डबा, केवळ सुपाचा प्रकार बदलून, पुन्हा पुन्हा मांडला. रोज हाताळून नजरेआड झालेली वस्तू त्या पुनरावृत्तीमुळे प्रथमच नीट दिसू लागते. म्हणून आपल्या ढिगातून एकच वस्तू घ्या. मी काड्यापेटीची निवड करीन. तिच्या वरच्या बाजूची नऊ छापील चित्रे कापून तीन ओळींत लावा, मागे दोनच भडक रंगांचे सपाट कागद ठेवा आणि बाकीचे साहित्य पुढच्या चित्रासाठी राखून ठेवा.

आता सुरकुत्यांविषयी. पांढऱ्या गोंदातले पाणी शोषून कागदाचे तंतू फुगतात आणि वाळताना आकसतात. गोंदाचा थर जाड असेल तर हे असमान होते आणि पुठ्ठाही त्या ओढीने वाकतो. गोंद चपट्या ब्रशने पातळ पसरा, कागद मधून कडांकडे कोरड्या फडक्याने दाबत न्या, वर प्लॅस्टिकचा कागद ठेवून रात्रभर जाड पुस्तकांखाली दडपा. पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूलाही तेवढाच कागद चिकटवला, तर दोन्हीकडची ओढ सारखी होऊन तो सपाट राहतो. द्राक्षांच्या खोक्याचा पुठ्ठा आतून नागमोडी व पोकळ असल्याने लवकर वाकतो; त्याचे दोन थर, नागमोडीची दिशा आडवी-उभी ठेवून, एकमेकांवर चिकटवावेत.

चिवड्याच्या पाकिटाचा प्रश्न निराळा आहे. त्याचा पृष्ठभाग गोंद शोषत नाही आणि आतल्या बाजूला तेलाचा पातळ थर राहतो. पाकीट उघडून साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा आणि दुहेरी चिकटपट्टीने बसवा.

एसटीची यंत्रावर छापलेली तिकिटे उष्णतेने उमटणाऱ्या कागदाची असतात, ती काही महिन्यांत फिकी पडतात; मूळ तिकीट जपून ठेवा आणि त्याची रंगीत झेरॉक्स वापरा. वर्तमानपत्रही उन्हात पिवळे पडते, त्यामुळे चित्र खिडकीसमोर लावू नका.

मुलीला आणखी काही करावेसे वाटले, तर पाकिटांवरची वापरलेली टपाल तिकिटे कोमट पाण्यात भिजवून सोडवा. ती छापणारी इंडिया सिक्युरिटी प्रेस आपल्याच नाशिक रोडला आहे, आणि एकाच तिकिटाच्या रांगा लावायला पुरेसे नमुने शेजाऱ्यांच्या जुन्या पत्रांत सहज मिळतील.