पहिल्या आठवड्यात एवढंच कर

भावा, राजारामपुरीतल्या कोडिंगच्या क्लासची फी भरायच्या आधी लॅपटॉप नीट लावून घे. फुकटात होतंय, एक संध्याकाळ पुरते.

पायथन, म्हणजे ज्या भाषेत तू प्रोग्रॅम लिहिणार ती, अधिकृत साइटवरूनच उतरव. विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये खाली पाथमध्ये (कॉम्प्युटर प्रोग्रॅम शोधतो त्या जागांच्या यादीत) जोडायची बारकी चौकट दिसली, तर तिथं टिक कर. ती राहिली की टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) म्हणतं पायथन सापडत नाही, आणि पोरं तीनतीनदा इन्स्टॉल करत बसतात. कोड लिहायला एडिटर म्हणून व्हीएस कोड घे. थीमच्या नादाला लागू नकोस.

आता गिट. खरा घोळ इथंच होतो. गिट म्हणजे गिटहब नव्हे. गिट हे कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं सॉफ्टवेअर, 2005 पासूनचं, तुझ्याच मशीनवर चालतं, नेट गेलं तरी कमिट (बदलांची नोंद) होतं. गिटहब ही तो कोड ऑनलाइन ठेवायची एक जागा. खातं नंतर काढलंस तरी चालेल.

- आधी गिटच्या कॉन्फिगमध्ये (सेटिंगमध्ये) नाव आणि ईमेल भर, नाहीतर पहिलाच कमिट अडतो.
- 'गिट इनिट' (फोल्डरात गिट सुरू करायची कमांड) प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जाऊनच दे. डेस्कटॉपवर दिलास तर लग्नाचे फोटोसुद्धा यादीत येतात.
- पासवर्ड कोडमध्ये लिहू नकोस. एकदा कमिट झाला की पुढं खोडलास तरी इतिहासात राहतो.

गिटच्या चार कमांड शीक: स्टेटस (काय बदललं ते बघायला), ॲड (कमिटसाठी बदल निवडायला), कमिट, लॉग (जुने कमिट बघायला). सध्या एवढ्यावर भागतंय. ब्रँच, रिबेस असल्या पुढच्या कमांड आत्ता बघूच नकोस. 'फायनल_नवीन_2' असल्या फायली मात्र आजपासून बंद. कमिटच्या संदेशात काय बदललंस ते लिही, नुसतं 'अपडेट' नको.

अडलास तर एररचा पूर्ण मजकूर पाठव, मोबाइलनं काढलेला स्क्रीनचा फोटो नको.