डार्क हॉर्स की जीटी? आधी टायरवरचे आकडे वाचा

प्रश्न : मी मूळचा चिंचवडचा. गेली काही वर्षं मिशिगनमध्ये नोव्हायला राहतो, वाहन उद्योगातच इंजिनिअर आहे, एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर. माझा पगार वर्षाला १,१५,००० डॉलर, बायकोचा अर्धवेळ नोकरीतून ३०,०००. बँकेत ४६,००० आहेत. पुण्याच्या फ्लॅटचा हप्ता धरून घरखर्च महिना ६,५०० डॉलर. मला फोर्ड मस्टँग घ्यायची आहे. डीलरकडे गेल्या वर्षीची, न विकलेली डार्क हॉर्स (मस्टँगचंच महागडं मॉडेल) पडून आहे, हँडलिंग पॅकेजसकट (ट्रॅकवर चालवण्यासाठीची जादा सामग्री). सूट वजा करून, कर धरून ७९,०००. माझी जुनी होंडा सिव्हिक तो ६,०००ला घेतोय, म्हणजे पॅकेज त्यातच सुटलं. १५,००० रोख, बाकी ५८,०००चं कर्ज, ७ टक्क्यांनी ७२ महिने. हप्ता बसावा म्हणून ४०१(के) या निवृत्तीच्या बचत योजनेतला माझा भाग ६ टक्क्यांवरून २ टक्के करायचा विचार आहे (कंपनी ६ टक्क्यांपर्यंत तेवढीच भर घालते). मस्टँगचंच साधं मॉडेल, जीटी, ५३,०००ला मिळतेय. वर्षाला माझे १२,००० मैल होतात. मित्र म्हणतात, डॉजची चॅलेंजर बंद झाली, शेव्हरोलेची कमारो बंद झाली, आता व्ही-८ (आठ सिलिंडरच्या) मस्टँगचा भाव चढणारच. शिवाय कर्जाचं व्याज आता करातून वजा होतं. घेऊ का?

उत्तर : मस्टँग घ्या. पण डार्क हॉर्स नको, जीटी घ्या. आत्ता नको, एप्रिलमध्ये घ्या. सिव्हिक विकू नका आणि ४०१(के)ला हात लावू नका. तुम्ही स्वतः गाड्यांमधले आहात, त्यामुळे ‘स्पोर्ट्स कार म्हणजे उधळपट्टी’ हे प्रवचन मी देणार नाही. डेट्रॉइटच्या परिसरात राहायचं, ऑगस्टमधला वुडवर्ड ड्रीम क्रूझ, म्हणजे हौशी गाड्यांची मिरवणूक, दरवर्षी फुटपाथवर उभं राहून बघायचा आणि कधी आपली गाडी त्या रांगेत घालावी असं वाटूच नये, हे जरा अवघडच आहे. हौसेला मोल असतं. ते किती, एवढंच आपण बघू.

तुमच्या पत्रात इंजिनाचा उल्लेख आहे, हप्त्याचा आहे, टायरचा मात्र एक शब्द नाही. माझ्या हिशेबात, किमतीखालोखाल, या दोन गाड्यांमधला सगळ्यात महागडा फरक तिथेच आहे.

हँडलिंग पॅकेजसोबत येणारे टायर पिरेलीचे पी झीरो ट्रोफेओ आरएस. पुढे ३०५/३०आर१९, मागे ३१५/३०आर१९. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची रुंदीच्या किती टक्के ते सांगतो. म्हणजे पुढच्या टायरमध्ये रिम आणि रस्ता यांच्यामध्ये सव्वानऊ सेंटिमीटरहूनही कमी रबर आणि हवा. साध्या जीटीवर चारही बाजूंना २३५/५०आर१८ ऑल-सीझन, तिथे हीच उंची पावणेबारा सेंटिमीटर. मार्च महिन्यात बर्फ वितळल्यावर मिशिगनच्या रस्त्यांना जे खड्डे पडतात ते तुम्ही रोज चुकवता. त्या अडीच सेंटिमीटरची किंमत रिम वाकल्यावर कळते. बहुतेक परफॉर्मन्स पॅकेजांत स्टेपनीही नसते; डिकीत हवेचा पंप आणि सीलंटची बाटली असते. साइडवॉल फाटली तर ती बाटली काही कामाची नाही.

दुसरी गोष्ट झीज. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या टायरच्या साइडवॉलवर ‘ट्रेडवेअर’ म्हणून एक आकडा कोरलेला असतो. टेक्सासमध्ये सॅन अँजेलोच्या आसपासच्या ठरलेल्या रस्त्यावर ७,२०० मैल गाड्या पळवून, १०० आकड्याच्या प्रमाण टायरशी तुलना करून तो काढतात. आकडा शेवटी कंपनी स्वतःच लावते, त्यामुळे तो काही वेदवाक्य नाही आणि मैलांत त्याचं भाषांतरही होत नाही. पण अंदाज येतो. ट्रॅकच्या जातीच्या टायरवर तो बहुधा दोनशेच्या आतबाहेर असतो, ऑल-सीझनवर चारशे-पाचशे. मऊ रबर रस्ता घट्ट धरतं आणि त्याच कारणाने लवकर गोटा होतं. त्यात पुढचे-मागचे टायर वेगवेगळ्या मापाचे, म्हणजे पुढचे मागे टाकून झीज सारखी करायची सोय नाही. पाचशे अश्वशक्ती मागच्या चाकांवर येते, तेव्हा मागची जोडी आधी जाणार. जीटीवर चारही सारखे, त्यांची अदलाबदल करता येते.

तिसरी गोष्ट थंडी. असलं उन्हाळी रबर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक होऊ लागतं आणि पकड सोडतं. तुमच्याकडे नोव्हेंबर ते मार्च सकाळी कामावर निघायच्या वेळी पारा कुठे असतो, ते मी सांगायला नको. सिव्हिक विकलीत की या पाच महिन्यांसाठी हिवाळी टायरचा वेगळा सेट, जमल्यास वेगळ्या रिमवर आणि प्रेशर सेन्सरसकट, घ्यावाच लागेल.

आता हे पैशांत मांडू. पुढचे आकडे माझे बजेटचे आहेत, दुकानाचे नाहीत. तुम्ही स्थानिक दर घालून बघा. ट्रोफेओचा सेट बसवून-बॅलन्स करून २,००० डॉलर धरा आणि तो १०,००० मैल टिकेल असं धरा. हिवाळा वगळून वर्षाला ७,००० मैल, सहा वर्षांच्या कर्जात ४२,०००. पहिला सेट गाडीबरोबर येतो, पुढे तीन ते चार सेट लागतील. म्हणजे ७,०००च्या आसपास, वर हिवाळी सेटचे १,८००. उलट जीटी आणि सिव्हिक दोन्ही ठेवल्यात तर जीटी वर्षाला सहाएक हजार मैल चालेल, आणि कर्ज फिटेपर्यंत कदाचित पहिलाच ऑल-सीझन सेट पुरेल. सिव्हिकचा विमा आणि तेलपाणी चालू राहणार, ते फुकट नाही हे मान्य. पण बर्फात, मिठाच्या चिखलात आणि खड्ड्यात ती जाईल, मस्टँग नाही.

म्हणूनच ‘सिव्हिकमध्ये पॅकेज सुटलं’ हे मला पटत नाही. सहा हजारांची चालती, कर्जमुक्त, हिवाळ्यात भरवशाची गाडी देऊन तुम्ही दर दीड वर्षाने दोन हजार मागणारी वस्तू घेताय.

डीलरच्या सवलतीबद्दल. गेल्या वर्षीची गाडी म्हणजे ती एक मिशिगनचा हिवाळा बहुधा उघड्यावर उभी राहिलेली आहे. या प्रकारच्या टायरबाबत कंपन्या स्वतःच बजावतात की उणे ७ अंशांच्या खाली गाडी हलवली तर ट्रेडला, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या रबराला, चिरा पडू शकतात. आणि डीलरच्या आवारातून बर्फ काढताना गाड्या इकडून तिकडे हलवतातच. कुठलीही गाडी घ्या, टेस्ट ड्राइव्हआधी गुडघ्यावर बसा, मोबाइलची बॅटरी लावा आणि ट्रेडच्या ठोकळ्यांच्या बुडाशी, खाचांत बारीक चिरा आहेत का ते बघा. साइडवॉलवर ‘डॉट’ या अक्षरांपुढच्या शेवटच्या चार आकड्यांत टायरचा आठवडा आणि वर्ष असतं. २३२४ म्हणजे २०२४चा तेविसावा आठवडा. टायरची वॉरंटी टायर कंपनीची असते, गाडीच्या कंपनीची नव्हे, आणि थंडीत वापरल्याने पडलेल्या चिरा तिच्यात बसण्याची आशा धरू नका.

तुम्ही ट्रॅकवर जाणार असाल तर गोष्ट वेगळी, हेही सांगतो. क्लार्कस्टनचा वॉटरफर्ड हिल्स तुमच्यापासून फार लांब नाही, पाँटिअ‍ॅकला एम-वन काँकोर्स आहे. महिन्या-दोन महिन्यांनी तिथे जाणाऱ्याला ट्रोफेओ टायर वसूल होतात. पण तुमच्या पत्रात तसं काही नाही, आहे ते ऑफिसला जाणं-येणं. आणि नेहमीचा विमा ट्रॅकवरचं नुकसान बहुधा भरत नाही. पुढे हौस वाटली तर जीटीला वेगळा सेट घेता येईल. पॅकेज मात्र पहिल्या दिवसापासून कर्जात बसतं.

आता कर्ज. ५८,००० डॉलर, ७ टक्के, ७२ महिने : हप्ता ९८९, एकूण व्याज १३,२००. जीटीसाठी तेच १५,००० भरून ३८,००० उरतात. ते ४८ महिन्यांत फेडा : हप्ता ९१०, व्याज ५,७००. हप्ता महिन्याला ऐंशी डॉलरने कमी आणि कर्ज दोन वर्षं आधी संपतं. ‘महिना किती भरू शकता?’ या डीलरच्या प्रश्नाला म्हणूनच उत्तर द्यायचं नसतं. एकूण किंमत आणि मुदत, या दोनच गोष्टींवर बोला.

व्याजाची वजावट खरी आहे. २०२५ ते २०२८ या करवर्षांत, ३१ डिसेंबर २०२४ नंतर घेतलेल्या कर्जावर, वैयक्तिक वापराच्या नव्या आणि अमेरिकेत जुळणी झालेल्या गाडीसाठी वर्षाला १०,००० डॉलरपर्यंतचं व्याज वजा होतं. मस्टँग तुमच्याच राज्यात फ्लॅट रॉकला बनते, तेव्हा ती अट पुरी होते. पती-पत्नींच्या एकत्र रिटर्नला २ लाखांपर्यंत उत्पन्नावर कात्री लागत नाही, तुम्ही आत आहात. पण व्याज वजा होतं म्हणजे व्याज परत मिळतं असं नाही. डार्क हॉर्सच्या पहिल्या वर्षाचं व्याज साधारण ३,८००. तुमच्या २२ टक्क्यांच्या टप्प्यात वाचणार सुमारे ८३५ डॉलर. पुढे व्याज घटेल तसं हेही घटेल, आणि २०२८नंतर आजच्या कायद्याप्रमाणे बंद.

याउलट ४०१(के) ६वरून २ टक्के केलंत तर कंपनीचे ४ टक्के, म्हणजे वर्षाला ४,६०० डॉलर, तुम्ही आपल्या हाताने सोडता. सहा वर्षांत २७,६००, त्यावरची वाढ वेगळीच. पत्रात हे वाक्य तुम्ही ओझरतं लिहिलंय, पण माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठं नुकसान हेच. टायर आणि व्याज एकत्र केलं तरी इतकं होत नाही. ज्या गाडीचा हप्ता कंपनीची भर सोडल्याशिवाय बसत नाही, ती गाडी आज तुमच्या बजेटची नाही.

‘भाव चढणार’ याबद्दल थोडक्यात. २०१८ची डॉज डीमन ३,३०० गाड्यांवर थांबवली होती. कारखान्यातूनच ड्रॅग रेडियल (सरळ रेषेतल्या शर्यतीचे) टायर घालून आलेली गाडी म्हणून तिचं नाव झालं. अशा मोजक्या गाड्या, कमी मैल चालवून गॅरेजमध्ये झाकून ठेवल्या तर संग्राहक पैसे देतात. चॅलेंजर आणि कमारो थांबल्या म्हणून रोज ऑफिसला जाणारी, वर्षाला १२,००० मैल पळणारी, आजही कारखान्यात बनत असलेली डार्क हॉर्स त्यांच्या पंगतीत बसत नाही. तिला खर्च म्हणूनच वहीत लिहा.

आणि एच-१बी. नोकरी गेली तर देशात राहून दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. रोख भरल्यावर तुमच्याकडे ३१,००० उरतील. नव्या हप्त्यासकट महिना ७,४००च्या खर्चाला ते चार महिन्यांचे. नागरिकाला चार महिने चालले असते. तुम्हाला त्यात घर आवरणं, चौघांची विमानाची तिकिटं, घाईत गाडी विकणं आणि पुण्याचा हप्ता हेही बसवावं लागेल. ७२ महिन्यांच्या कर्जात पहिली दोन-तीन वर्षं गाडीची किंमत बाकी कर्जापेक्षा कमी असण्याची शक्यता मोठी, म्हणजे विकूनही खिशातून भरायचं. (मुलं आहेत का ते तुम्ही लिहिलं नाहीत. मी दोन धरली. नसतील तर तिकिटं दोन.)

म्हणून एप्रिल. ऑक्टोबर अखेरीपासून दर महिन्याला ९१० डॉलर वेगळ्या खात्यात टाका, जणू हप्ता सुरू झालाय. हिवाळ्यात मस्टँग तशीही गॅरेजमध्येच उभी राहिली असती. सहा महिन्यांत ५,४६० जमतील, राखीव रक्कम पाच महिन्यांजवळ जाईल आणि हा हप्ता खरंच झेपतो का तेही कळेल. एखाद्या महिन्यात ते खातं फोडावं लागलं तर मला परत लिहा, मग आपण जुनी, दोन-तीन वर्षांची जीटी बघू. व्याजाची वजावट जुन्या गाडीला नाही, पण पहिल्या मालकाने सोसलेली घट त्याहून बरीच मोठी असते.

सही करायला बसाल तेव्हा आतल्या खोलीत ‘टायर-व्हील प्रोटेक्शन’ची योजना पुढे करतील आणि ती कर्जातच घालतील. ती खड्ड्याने फुटलेल्या टायरसाठी असते, झिजलेल्या टायरसाठी नाही. १८ इंची ऑल-सीझनवर मी ती घेणार नाही. विम्याचं कोटेशन मात्र त्याआधी, गाडीचा व्हीआयएन (ओळख क्रमांक) देऊन, किमान तीन कंपन्यांकडून घ्या. मिशिगनमध्ये नंबर प्लेटची फीसुद्धा गाडीच्या छापील किमतीवर ठरते, तीही धरा. विमा आणि फी मिळून महिन्याचा वाढीव खर्च २५० डॉलरच्या वर जात असेल, तर सही करण्याआधी ते कोटेशन मला पाठवा.