जुने दस्त : लॅमिनेशन की स्कॅन?

प्रश्न : पणजोबांचे जमिनीचे दस्त ठिसूळ झालेत. लॅमिनेशन करून स्कॅन करावेत का?

उत्तर : दुकानातलं गरम लॅमिनेशन अजिबात नको. ते सुखरूप सुटत नाही आणि कागदातलं आम्ल आतच कोंडतं. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात विकसित झालेल्या पद्धतीत उष्णताच नसते : दस्ताच्या दोन्ही बाजूंना सेल्युलोज ॲसिटेटची फिल्म, त्यावर पातळ टिश्यू कागद, मग ॲसिटोनचा (फिल्म विरघळवून चिकटवणाऱ्या द्रवाचा) बोळा मधून कडेकडे. तेही आधी आम्ल काढून. घरी मात्र नको. ॲसिटोन भुर्रकन पेटतं, शिक्क्याची शाईही फुटते.

तुम्ही आधी गंजक्या टाचण्या हलकेच काढा. मग सपाट काचेच्या स्कॅनरवर स्कॅन करा : रंगीत, किमान ३०० डीपीआय (इंचामागे ३०० ठिपके), टिफ या चित्र-फाइलच्या प्रकारात. कागद आपोआप ओढणाऱ्या फीडरमध्ये घालाल तर घडीवर फाटलंच म्हणून समजा! कोरी वाटणारी पाठही सोडू नका, नोंदणीचे शेरे बहुधा तिथेच असतात.