कर्करोग संशोधन : निदानाकडे वळावे की औषधशोधाकडे?

प्रश्न : माझी मुलगी गोव्यात बायोटेक्नॉलॉजीच्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला कर्करोगावर संशोधन करायचे आहे. नातेवाईक मात्र वेर्ण्याच्या औषध कंपनीत नोकरी धरण्याचा आग्रह करतात. संशोधनातच जायचे, तर तिने निदानाकडे वळावे की औषधशोधाकडे? त्यात उमेदीची किती वर्षे जातील?
– एक पालक, फोंडा

उत्तर : वेर्ण्यातील नोकरी चांगली आहे, परंतु तेथे प्रामुख्याने सिद्ध झालेल्या औषधांचे उत्पादन आणि गुणवत्ता तपासणी चालते. तुमच्या मुलीची ओढ दुसरीकडे आहे आणि तिचा मान राखावा, असे मला मनापासून वाटते.

निदान आणि औषध या वाटा आता एकमेकींत मिसळल्या आहेत. स्तनाच्या कर्करोगात बायोप्सीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवून त्याचे अतिशय पातळ काप काढतात, हर-२ या प्रथिनाला चिकटणारी प्रतिपिंडे त्यावर सोडतात आणि पेशींच्या कडेला तपकिरी रंग किती गडद उमटला यावरून ० ते ३+ अशी श्रेणी ठरवतात. २+ आल्यास जनुकाच्या प्रती मोजणारी फिश चाचणी करावी लागते. अमेरिकेत १९९८ साली मान्यता मिळालेले ट्रास्टुझुमॅब हे हर-२लाच लक्ष्य करणारे औषध कोणाला द्यायचे, हे या तपासणीवरच ठरते.

वर्षांचे म्हणाल, तर नंदुरबारला जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ मनसुख वाणी यांचे काम पाहा. त्यांनी आणि त्यांचे सहकारी मन्रो वॉल यांनी एका चिनी वृक्षातून वेगळ्या केलेल्या कॅम्प्टोथेसिन या कर्करोगविरोधी द्रव्याची रचना १९६६ साली प्रसिद्ध झाली. आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडातही हेच द्रव्य सापडते. रुग्णांवरील सुरुवातीच्या चाचण्या दुष्परिणामांमुळे थांबल्या. हे द्रव्य पेशीतील डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या टोपोआयसोमरेज-१ या विकरालाच (एन्झाइमलाच) अडवते, हे १९८५ साली उलगडले, तेव्हा कुठे संशोधकांनी ते पुन्हा हाती घेतले. आणि टोपोटेकन व इरिनोटेकन या त्यापासून बनलेल्या औषधांना अमेरिकेत मान्यता मिळायला १९९६ साल उजाडले. कर्करोगाच्या औषधांचा इतिहास अशाच धीराच्या माणसांनी घडवला आहे.

तूर्त तिने नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेची तयारी करावी आणि खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या कर्करोग संशोधन केंद्रासारख्या संस्थांतील पीएच.डी. प्रवेशाच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे. दरम्यान रीतसर परवानगी मिळाल्यास बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या) विकृतिशास्त्र (पॅथॉलॉजी) विभागात काही दिवस काम जवळून पाहावे. मार्गदर्शक निवडताना रुग्णांचे नमुने त्यांच्याकडे कोठून येतात हे तिने स्पष्ट विचारावे आणि त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांशीही बोलून घ्यावे.