दिवस किती भरले, हे आधी विचार

टिळकवाडी, बेळगाव

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळून पंधरा दिवस झाले. तू विचारलेला प्रश्न दोन ओळींत आटोपण्यासारखा नव्हता, म्हणून उत्तराला उशीर झाला. बी.एस्सी.चे शेवटचे वर्ष संपत आले आहे, वनस्पतिशास्त्र आणि रसायनशास्त्र दोन्ही आवडतात, आणि रोज कर्करोगावरचे नवे औषध, जनुक बदललेला भात किंवा सोडियमची बॅटरी यांच्या बातम्या वाचनात येतात. यांपैकी कोणत्या क्षेत्रात पुढे जावे आणि खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेतून आलेल्या मुलीला त्या कामात खरोखर जागा आहे का, असे तू लिहिलेस. त्याबरोबर तू असेही लिहिलेस की संशोधन बेंगळुरूला होते, पुण्याला होते, परदेशात होते. आपल्याकडे होत नाही. या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण ते खरे नाही.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुप्फुसे पुरती तयार झालेली नसतात. अशी प्रसूती होणार असे दिसताच आईला स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले तर बाळ वाचण्याची शक्यता वाढते, हे न्यूझीलंडमधील लिगिन्स आणि हाउई यांनी १९७२ मध्ये दाखवून दिले, आणि पुढे श्रीमंत देशांतल्या रुग्णालयांत तो उपचार रूढ झाला. मग साहजिकच विचार आला की हे स्वस्त औषध गरीब देशांतल्या गावागावांत पोचवले तर लाखो बाळे वाचतील. त्यासाठी सहा देशांत मोठी चाचणी झाली; भारतातली तिची दोन केंद्रे बेळगाव आणि नागपूर ही होती. निष्कर्ष २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सुमारे ९८ हजार जन्मांची नोंद झाली होती. सर्वांत लहान, म्हणजे कमी वजनाच्या बाळांच्या मृत्यूंत लक्षणीय फरक पडला नाही. उलट सर्व बाळे मिळून पाहिली तर जिथे ही मोहीम राबवली तिथे दर हजार जिवंत जन्मांमागे २७.४ बाळे दगावली आणि जिथे राबवली नाही तिथे २३.९. मातांमध्ये जंतुसंसर्गाची शंका येण्याचे प्रमाणही वाढले. ज्या औषधाचा गुण चार दशके सिद्ध होता, तेच औषध या परिस्थितीत अपायकारक ठरताना दिसले.

पुढे भारतासह पाच देशांतल्या २९ रुग्णालयांत २,८५२ मातांवर पुन्हा चाचणी झाली. तिच्यातही बेळगावचे केंद्र होते, आणि तिचा निष्कर्ष २०२० मध्ये आला. या वेळी दिवस किती भरले आहेत हे सोनोग्राफीने ठरवलेले होते, प्रसूती लवकरच होणार याची खात्री करून घेतलेली होती, आणि नवजात बाळाची काळजी घेण्याची सोय त्याच रुग्णालयात होती. औषध दिलेल्या गटात १९.६ टक्के नवजात बाळे दगावली, न दिलेल्या गटात २३.५ टक्के. या बाळांच्या बाबतीत हा फरक फार मोठा आहे. फायदा स्पष्ट झाल्यामुळे चाचणी नियोजित वेळेआधीच थांबवण्यात आली.

हे दोन निबंध तू समोरासमोर ठेवून वाच, अशी माझी पहिली सूचना आहे. त्यांपैकी एक खरा आणि दुसरा खोटा असे समजू नकोस. पहिल्या चाचणीत इंजेक्शन मिळालेल्या बहुसंख्य मातांची बाळे शेवटी लहान निघालीच नाहीत, म्हणजे ज्यांना त्याची गरज नव्हती अशा पुष्कळ जणींना ते मिळाले होते. त्यामागे दिवस मोजण्याची अडचण आहे, आणि ती अडचण तुला माझ्यापेक्षा चांगली ठाऊक असेल. आपल्या खेड्यांत माझ्या आईच्या पिढीतली बाई शेवटच्या पाळीची तारीख सांगत नसे. नागपंचमीच्या आधी की नंतर, रोपलावणी चालू होती की आटोपली होती, असे विचारून ती काढावी लागे. ती बाई घरात मराठी बोलते, दवाखान्यातले कार्ड कन्नडमध्ये असते आणि निबंध इंग्रजीत छापला जातो. या तीन भाषांमधून जाताना एका महिन्याची चूक झाली, तर अख्ख्या चाचणीचा आकडा हलतो. म्हणून कोणताही निष्कर्ष वाचताना तो कोणत्या अटींवर खरा आहे, हे त्याच्यासोबत वहीत लिहून ठेवायची सवय लाव. अट गळून पडली तर उरलेल्या वाक्याला काही अर्थ राहत नाही.

अटी समजून घेऊन सुरुवात केली की काय साधते, याचे उदाहरणही इथलेच आहे. प्रसूतीनंतर वार पडताना होणारा अतिरक्तस्राव थांबवायला ऑक्सिटोसिन हे औषध उत्तम, पण ते थंड ठेवावे लागते आणि टोचावे लागते. उपकेंद्रात किंवा घरी होणाऱ्या बाळंतपणात हे दोन्ही अवघड. बेळगाव जिल्ह्यात २००२ ते २००५ या काळात नर्सबाईंनी १,६२० मातांवर मिसोप्रोस्टॉल या गोळीची चाचणी केली. ही गोळी साध्या तापमानात टिकते आणि तोंडाने घेता येते. अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले, आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आवश्यक औषधांच्या यादीत या कामासाठी ती गोळी समाविष्ट केली. ज्या नर्सबाई रात्री-अपरात्री चालत जाऊन रक्त मोजत होत्या, त्यांना मी संशोधकच मानते.

आता वनस्पतींकडे येते. जांबोटी-कणकुंबीच्या रानात तू लहानपणापासून फिरली आहेस, तेव्हा नरक्या तुला ओळखता यायला हवा. फुलांच्या घाण वासावरून त्याला ते नाव पडले आहे. या झाडात कॅम्प्टोथेसिन नावाचे, कर्करोगावर गुणकारी द्रव्य असते. हे द्रव्य प्रथम १९६६ मध्ये एका चिनी झाडातून अमेरिकेत वेगळे केले गेले. ते करणाऱ्या दोघांपैकी एक मन्सुख वाणी नंदुरबारला जन्मलेले, मुंबई विद्यापीठात शिकलेले. आपल्या घाटातल्या नरक्यात ते असल्याचे गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी १९७२ मध्ये दाखवले.

या रेणूचा पुढचा प्रवास रसायनशास्त्राच्या विद्यार्थिनीने मुद्दाम अभ्यासावा असा आहे. कॅम्प्टोथेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून सुरुवातीच्या चाचण्यांत त्याचा सोडियम क्षार करून रुग्णांना दिला गेला. तसे करताना रेणूतले लॅक्टोन नावाचे अणूंचे कडे उघडते, आणि त्या कड्यातच त्याचा गुण असतो. रक्तात गुण कमी पडला. मूत्राशयातल्या आम्लात मात्र कडे पुन्हा मिटले आणि तिथे गंभीर इजा झाली. चाचण्या थांबल्या. रेणू पेशीतल्या टोपोआयसोमरेज-१ या विकराला अडवतो हे १९८५ मध्ये कळल्यावर त्याच्याकडे पुन्हा लक्ष गेले, आणि कडे शाबूत ठेवून विरघळतील अशी टोपोटेकन व इरिनोटेकन ही दोन औषधे १९९६ मध्ये अमेरिकेत मान्य झाली. अलीकडे याच कुळातला एक कृत्रिम रेणू प्रतिपिंडाला जोडून थेट कर्करोगाच्या पेशीपर्यंत नेला जातो. त्या औषधाचे नाव ट्रास्टुझुमॅब डेरुक्सटेकन. ज्यांच्या गाठीत हर-२ हे प्रथिन थोडेच असते अशा स्तनांच्या प्रगत कर्करोगाच्या ५५७ रुग्णांवरची चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. आजार न वाढता गेलेला मध्यक काळ नेहमीच्या केमोथेरपीत ५.१ महिने होता, नव्या औषधाने तो ९.९ महिने झाला. बातमीत एवढेच येते. साधारण १२ टक्के रुग्णांना औषधामुळे फुप्फुसाचा दाह झाला आणि काही त्यातच दगावले, हे वाचायला निबंधाच्या आत शिरावे लागते.

आणि झाडाचे काय झाले, तेही सांगायला हवे. सालीत आणि मुळांत द्रव्य जास्त म्हणून पश्चिम घाटात नरक्याची बेसुमार तोड झाली. मला याचे अतिशय वाईट वाटते, कारण ज्या रानाने हे दिले त्या रानात त्याची रोपे शोधत फिरावे लागते. झाडाच्या आत राहणाऱ्या बुरशीतही हे द्रव्य सापडल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा झाड न तोडता औषध मिळेल अशी आशा निर्माण झाली होती. परंतु प्रयोगशाळेत बुरशी एका बशीतून दुसरीत वाढवत गेले की काही पिढ्यांत तिचे उत्पादन घटत जाते, असे नंतर दिसले. म्हणजे इथेही एक अट निघाली, आणि ती अजून कोणी सोडवलेली नाही.

भाताबद्दल थोडक्यातच लिहिते. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने जनुक-संपादित भाताचे दोन वाण जाहीर केले. त्यांतला ‘कमला’ सांबा मसूरीतून तयार केला आहे आणि त्याचे उत्पादन १९ टक्के जास्त येते असे सांगितले जाते. हे आकडे चाचणीच्या शेतांतले आहेत. खानापूरच्या पावसात, चिखलणी करून लावलेल्या शेतात तो कसा वाढेल आणि बेळगाव बासमती पिकवणारा शेतकरी त्याकडे का वळेल, याची उत्तरे तिथल्या काही हंगामांतूनच मिळतील.

बॅटरीचा विषय मात्र सविस्तर लिहिण्यासारखा आहे, कारण तू पत्रात बगॅसपासून, म्हणजे उसाच्या चिपाडापासून, बॅटरी होते हे मोठ्या उत्साहाने लिहिले आहेस. बातमीचा गाभा खरा आहे. लिथियमच्या बॅटरीत ऋण बाजूला ग्रॅफाइट असते. सोडियम ग्रॅफाइटच्या थरांत नीट शिरत नाही, म्हणून अव्यवस्थित रचनेचा हार्ड कार्बन लागतो. स्टीव्हन्स आणि डान यांनी २००० मध्ये ग्लुकोज तापवून असा कार्बन केला आणि त्यात ग्रॅममागे सुमारे ३०० मिलिअँपिअर-तास सोडियम साठवून दाखवला. साखरेपासून झाला तसा तो नारळाच्या करवंटीपासून होतो आणि उसाच्या चिपाडापासूनही होतो. आपल्या जिल्ह्यात अथणी-रायबागपासून चिकोडीपर्यंत कारखान्यांच्या आवारात बगॅसचे डोंगर दिसतात, त्यामुळे मनात हिशेब सुरू होणे स्वाभाविक आहे.

तो हिशेब करताना चार गोष्टी तपास. मिलमधून निघालेल्या बगॅसमध्ये जवळजवळ निम्मे पाणी असते. ते फुकटही नाही, कारण कारखाना त्यावरच बॉयलर चालवतो आणि वीज विकतो. त्याच्या राखेत सिलिका आणि पोटॅशियम असते, ते धुऊन काढावे लागते, आणि शेत बदलले, तोडणी बदलली की राख बदलते. चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. पुष्कळ निबंधांतले आकडे बटणाएवढ्या सेलमधले असतात, आणि त्यात समोरच्या बाजूला सोडियम धातूची चकती असते; याला अर्धा सेल म्हणतात. पहिल्यांदा भारित करताना हार्ड कार्बन काही सोडियम कायमचा अडकवून ठेवतो; चकतीत सोडियम भरपूर असल्याने ते नुकसान पुढच्या आकड्यांत दिसत नाही. खऱ्या बॅटरीत मात्र सगळा सोडियम धन बाजूच्या पदार्थातूनच यायचा असतो, आणि तिथे गेला तो गेला. म्हणून निबंध हाती आला की पहिल्या फेरीतली कार्यक्षमता किती, चौरस सेंटिमीटरवर किती मिलिग्रॅम पदार्थ लावला, आणि सेल अर्धा होता की पूर्ण, हे आधी शोध. ग्रॅममागचा मोठा आकडा त्यानंतर पाहा. अथणीच्या उन्हाळ्यात छपराखाली ठेवलेल्या बॅटरीचे काय होते, हा प्रश्न विचारायला तुला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

आता तुझा पहिला प्रश्न. माझे मत विचारशील तर तू वनस्पतींच्या रसायनशास्त्राकडे जा. नरक्याच्या सालीतला रेणू वेगळा करायला आणि बगॅसच्या राखेतले पोटॅशियम मोजायला लागणारी शिस्त एकच आहे, आणि ती अंगी बाणली की उरलेल्या दोन्ही क्षेत्रांची दारे तुला मोकळी राहतील. एम.एस्सी.साठी जॅम ही आयआयटींची प्रवेश परीक्षा दे. तीन विज्ञान अकादमी मिळून विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात संशोधकाच्या हाताखाली काम करण्याची फेलोशिप देतात, तिचा अर्ज चुकवू नकोस. इथे नेहरूनगरला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची पारंपरिक वैद्यकाची राष्ट्रीय संस्था आहे, तिच्या दारावरून जातेस तर एकदा आत जाऊन कोण काय काम करते ते विचारून ये. संख्याशास्त्र टाळू नकोस; माझ्या पिढीतल्या पुष्कळ जणांनी ते टाळले, मीही टाळले, आणि दुसऱ्याच्या आकड्यांवर विश्वास ठेवत राहिले.

कन्नडबद्दल तू संकोचाने लिहिले आहेस. ती नीट शीक, लिहायला-वाचायला शीक. मराठी सोडून नव्हे, मराठीसकट. संमतिपत्र कोणत्या भाषेत वाचून दाखवले आणि ऐकणाऱ्या बाईला त्यातले काय कळले, हे तपासायला दोन्ही भाषा घरच्यासारख्या येणारे माणूस लागते, आणि अशी माणसे या सीमाभागाबाहेर फारशी मिळत नाहीत.

सोबत २०१५ आणि २०२० च्या दोन्ही निबंधांच्या प्रती पाठवत आहे. आधी कार्यपद्धतीचा भाग वाच, निष्कर्ष झाकून ठेव, आणि आपल्या अंदाजाने निष्कर्ष काय यायला हवा ते वहीत लिहून मग कागद उघड. तुझ्या आजीलाही एकदा विचार की तिच्या वेळी दिवस कसे मोजत. तिने सांगितलेले तिच्याच शब्दांत उतरवून घे आणि पुढच्या रविवारी येताना ती वही घेऊन ये.

तुझी,
बाई