अपिलात उभं राहायचं शिक्षण कुठं मिळतं?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. सहा वर्षं पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टात दिवाणी दावे चालवलेत, उलटतपास चांगला जमतो, साठेखताच्या (पुढे खरेदीखत करून देण्याच्या कराराच्या) एका दाव्यात निकाल पक्षकाराच्या विरोधात गेलाय आणि हायकोर्टातलं पहिलं अपील स्वतःच चालवायचं मनात आहे. त्यासाठी अपिलाच्या युक्तिवादाचा एखादा कोर्स करावा का, की पैसे वाया जातील, असं तुम्ही विचारलंय. मला वकिलीत बावीस वर्षं झाली, त्यातली निम्म्याहून जास्त अपिलांत गेली. म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

कोर्स जरूर करा, पण पैसे भरण्याआधी एवढंच विचारा: मला उभं राहून बोलावं लागेल का, आणि बोलताना मला कुणी मध्येच अडवणार का? दोन्हीचं उत्तर ‘नाही’ असेल तर ती व्याख्यानमाला आहे. व्याख्यानांतून कायदा कळतो, आणि तो तुम्हाला बऱ्यापैकी येतो असं तुमच्या लिहिण्यावरून दिसतंच. अपिलात अडतं ते दुसरीकडेच.

माझं कुठं अडलं ते सांगते. माझं पहिलं सेकंड अपील, म्हणजे पहिल्या अपिलाच्या निकालावर हायकोर्टात केलेलं दुसरं अपील, सासवडकडच्या जमिनीचं होतं. खालच्या दोन्ही कोर्टांत हरलेलं मॅटर. रेकॉर्ड मला तोंडपाठ होतं. बोर्डावर ॲडमिशनला (अपील सुनावणीला घ्यायचं की नाही हे ठरायला) आलं, न्यायमूर्तींनी विचारलं की तुमचा कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न कोणता? मी कुटुंबातल्या जुन्या वाटपापासून सुरुवात केली. त्यांनी पुन्हा तेच विचारलं. माझ्या मेमोत (अपिलाच्या अर्जात) एकोणीस ग्राउंड्स (निकालावरचे आक्षेप) होती आणि प्रश्न म्हणून एका वाक्यात सांगता येईल असं त्यात एकही नव्हतं. पाच मिनिटांत अपील फेटाळलं गेलं. पक्षकार मागच्या बाकावर बसले होते. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, “ताई, आपलं म्हणणं त्यांनी ऐकलं ना?” दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १०० मला पाठ होतं. १९७६च्या दुरुस्तीनंतर सेकंड अपील फक्त कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर चालतं आणि तो प्रश्न मेमोत नेमका मांडावा लागतो, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. पण समोरून कुणी विचारतंय आणि एका वाक्यात सांगायचंय, असा सराव आयुष्यात एकदाही केला नव्हता.

ट्रायलची सवय इथे आडवी येते. दावा चालवताना आपण गोष्ट उभी करतो: साक्षीदार, कागद, कोण कुणाचं कोण. अपिलात ती गोष्ट एका न्यायाधीशांनी आधीच ऐकून निकालपत्रात लिहून ठेवलेली असते. तुमचं भांडण त्या निकालपत्राशी असतं. म्हणून आमच्या सिनियरांनी मला सगळ्यात आधी निकालपत्र वाचायला बसवलं. दोनशे पानी वही घ्यायची. डाव्या पानावर परिच्छेदाचा क्रमांक टाकून ट्रायल कोर्टाचा निष्कर्ष आपल्या शब्दांत लिहायचा. उजव्या पानावर त्या मुद्द्यावर रेकॉर्डमध्ये कोणता पुरावा आहे ते लिहायचं, कोर्टाने त्या कागदाला दिलेल्या निशाणी क्रमांकासकट. जिथे उजवं पान कोरं राहतं तिथे निष्कर्षाला आधार नाही. जिथे उजवीकडे एखादी निशाणी आहे पण निकालपत्रात तिचा उल्लेखच नाही, तिथे पुरावा विचारात घ्यायचा राहून गेलाय. चाळीस पानी निकालपत्राला दोन दिवस लागतात. मी अजूनही प्रत्येक अपिलाला हे करते.

त्यानंतर मेमो. खालचे न्यायाधीश चुकले, चुकले असं पंचवीस प्रकारे लिहिलेली ग्राउंड्स वाचून कुणाचं मत बदलत नाही. फर्स्ट अपिलात पहिलं अपिलीय कोर्ट वस्तुस्थितीही पुन्हा तपासू शकतं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४१ नियम ३१ प्रमाणे त्याला निर्णयासाठीचे मुद्दे काढून त्यावर कारणांसह निर्णय द्यावा लागतो. ट्रायल कोर्टाचा वस्तुस्थितीचा निष्कर्ष उलटवायचा असेल तर त्या कोर्टाच्या कारणांना थेट भिडावं लागतं, हे सुप्रीम कोर्टाने संतोष हजारी प्रकरणात २००१ साली स्पष्ट केलंय. मग मेमो लिहितानाच असा विचार करा की उद्या न्यायमूर्तींनी नियम ३१चे मुद्दे काढले तर ते कोणते असतील. बहुतेक अपिलांत ते तीनच्या वर जात नाहीत.

आता सरावाविषयी, कारण खरं शिक्षण इथे होतं. आम्ही चार-पाच जण गेली काही वर्षं शनिवारी दुपारी कोर्टाजवळच्या एका ऑफिसात जमतो. ऑस्ट्रेलियातल्या जॉर्ज हॅम्पेल यांच्या नावाने ओळखली जाणारी एक पद्धत आहे, इंग्लंडमधल्या बॅरिस्टरांच्या प्रशिक्षणातही ती वापरतात. बोलणाऱ्याला थांबवून एकच दोष सांगायचा. त्याचेच शब्द त्याला जसेच्या तसे ऐकवायचे. ते का चुकलं आणि काय करावं हे सांगायचं. स्वतः करून दाखवायचं. मग त्याला तोच भाग पुन्हा करायला लावायचं. एका वेळी एकच दोष, हे फार महत्त्वाचं. आपल्याकडे सुधारायला बसलं की दहा चुका सांगितल्या जातात आणि समोरचा माणूस नुसता खचतो.

मागच्या पावसाळ्यात आमच्यातला एक तरुण वकील उभा राहिला. नावं काढून टाकलेलं साठेखताचंच रेकॉर्ड होतं, पेपर बुक (अपिलासाठी एकत्र बांधलेले खालच्या कोर्टातले कागद) म्हणून समोर. तुमचंही मॅटर साठेखताचं आहे म्हणून हे उदाहरण देते. सराव आम्ही इंग्रजीत करतो, इथे मराठीत सांगते. त्याने सुरुवात केली, “माझे पक्षकार मूळचे हवेली तालुक्यातले शेतकरी असून…” दीड मिनिट झालं तरी खालच्या कोर्टाचं काय चुकलं ते कळेना. थांबवलं. त्याचं पहिलं वाक्य त्याला वाचून दाखवलं. पुन्हा उभा राहिला तेव्हा तो म्हणाला, “बाकीचे सगळे मुद्दे आमच्या बाजूने देऊन दावा फक्त मुदतीवर फेटाळला आहे. मुदत साठेखताच्या तारखेपासून मोजली. पण खरेदीखताची तारीख साठेखतात ठरलेलीच नाही, पेपर बुक पान ४१. म्हणून मुदत कायद्याच्या अनुच्छेद ५४ प्रमाणे तीन वर्षं नकार कळल्यापासून मोजायला हवीत. नकाराची नोटीस निशाणी ३८ आहे, पान ११२.” चाळीस सेकंदही लागले नाहीत.

मग न्यायमूर्तींच्या जागी बसलेल्या सहकाऱ्याने विचारलं, “नोटिशीच्या चार वर्षं आधीच प्रतिवादीने नकार दिला होता, हे तुमच्याच वादीच्या उलटतपासात आलंय. त्याचं काय?” तो म्हणाला, “त्या मुद्द्याकडे मी नंतर येतो.” पुन्हा थांबवलं. प्रश्न आला की तोच तुमचा पहिला मुद्दा होतो. तुम्ही नंतर येईपर्यंत उत्तर नाही असं समोरच्यांनी धरलेलं असतं. आणि उत्तर तर होतं! मूळ मराठी साक्षीत वादी म्हणाला होता, “ते टाळाटाळ करत होते.” पेपर बुकातल्या इंग्रजी भाषांतरात तिथे ‘नकार देत होते’ अशा अर्थाचा शब्द पडला होता. टाळाटाळ करणारा माणूस नाही म्हणत नाही, उद्या या म्हणतो. त्या एका शब्दावर दावा मुदतीत बसतो की नाही हे ठरत होतं. आम्ही सगळेच क्षणभर गप्प झालो.

हा धोका आपल्यासारख्यांना कायम आहे. जिल्हा कोर्टात साक्ष मराठीत नोंदली जाते, हायकोर्टाचं काम राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे इंग्रजीत चालतं. मधे भाषांतर येतं, आणि ते करणाऱ्याला आपलं मॅटर माहीत नसतं. ‘वहिवाट’ म्हणजे कुठे ताबा, कुठे कसणूक, कुठे जाण्यायेण्याचा हक्क. भाषांतर मुळाशी ताडून पाहणं हे ज्युनियरवर सोडायचं काम नाही. ज्याला युक्तिवाद करायचाय त्यानेच ते करावं. मराठीत दावे चालवलेला पुण्याचा वकील इथे मुंबईच्या मोठ्या नावांपेक्षा सरस ठरू शकतो, हे मी अनेकदा पाहिलंय.

आणखी एक. अपील शिकायला मुंबईच गाठायला हवी असं नाही. शिवाजीनगरलाच जिल्हा न्यायाधीशांपुढे रेग्युलर सिव्हिल अपिलं चालतात, निशाणी ५च्या, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जावरच्या, हुकमांवरची किरकोळ अपिलं चालतात. किरकोळ अपिलात तर पहिला अडथळा ठरलेला: ट्रायल कोर्टाने विवेकाधिकार वापरून दिलेल्या हुकमात, दुसरं मत शक्य आहे एवढ्यावरून अपिलीय कोर्ट हात घालत नाही. सुप्रीम कोर्टाच्या १९९०च्या वाँडर विरुद्ध अँटॉक्स निकालापासून हे पक्कं आहे. हुकूम मनमानी, लहरी किंवा कायद्याच्या ठरलेल्या तत्त्वांना सोडून आहे हे दाखवावं लागतं. दहा मिनिटांत तेवढंच दाखवायचा सराव इथे होतो. फौजदारीची आवड असेल तर विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर अर्ज करा. शिक्षा झालेल्या, वकील न परवडणाऱ्या माणसाचं अपील नीट तयारीने चालवणं हे शिक्षणही आहे आणि कामही मोलाचं आहे.

घरबसल्या करायचा सराव म्हणजे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाच्या सुनावण्या. २७ सप्टेंबर २०२२ पासून त्या थेट दाखवल्या जातात, आणि २०२३ मध्ये महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षाच्या सुनावणीपासून त्यांची शब्दशः टिपणंही मिळू लागली. ती वाचताना न्यायमूर्तींचा प्रश्न आला की खालचं झाकून ठेवा, स्वतःचं उत्तर लिहा, मग बघा.

सुप्रीम कोर्टाच्या ॲडव्होकेट-ऑन-रेकॉर्ड (तिथे पक्षकारातर्फे कागद दाखल करू शकणारा नोंदणीकृत वकील) परीक्षेचंही तुम्ही विचारलंय. चार वर्षांची वकिली, मग एक वर्ष ॲडव्होकेट-ऑन-रेकॉर्डच्या हाताखाली, मग चार पेपर. अभ्यास उत्तम होतो. पण नोंदणीसाठी दिल्लीत कोर्टापासून १६ किलोमीटरच्या आत ऑफिस लागतं. पुण्यात राहून हायकोर्ट करायचं असेल तर आत्ता त्यामागे लागू नका. कोल्हापूरचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालं तरी पुणे जिल्हा त्यात नाही, आपल्याला मुंबईच. सकाळी सव्वासातच्या डेक्कन क्वीनमध्ये मी मॅटरचं एकच पान लिहिते: तीन मुद्दे, प्रत्येकापुढे पान क्रमांक, आणि मला सगळ्यात नको असलेल्या प्रश्नाचं उत्तर. ते कर्जतच्या आत लिहून झालं नाही, तर तयारी कमी पडली असं मी धरते.

तुमच्या मॅटरपुरतं: हायकोर्टात अपिलाला ९० दिवस आहेत आणि निकालाची नक्कल मिळायला लागलेला वेळ वगळला जातो, पण नकलेचा अर्ज अजून दिला नसेल तर उद्याच द्या. पक्षकाराला आत्ताच सांगा की अपील दाखल झालं म्हणजे हुकूमनाम्याला आपोआप स्थगिती मिळत नाही, त्यासाठी वेगळा अर्ज लागतो. नवीन कागद सापडलेत म्हणता, त्यांना आदेश ४१ नियम २७ची, म्हणजे अपिलात नवा पुरावा घेण्याची, कसोटी लागेल. ते ट्रायलमध्ये का आले नाहीत याचं खरं कारण पक्षकाराकडून आधी नीट समजून घ्या आणि ते प्रतिज्ञापत्रात तसंच येऊ द्या.

आणि एखाद्या शनिवारी आमच्यात या. निकालपत्राच्या नावं खोडलेल्या पाच झेरॉक्स आणा, पक्षकाराशी झालेलं खासगी बोलणं मात्र तुमच्यापाशीच ठेवा. पहिल्या दिवशी फक्त सुरुवातीची दोन मिनिटं घेऊ.